कासवाला त्रिकोण काढायला सांगा

स्क्रीनच्या मधोमध एक छोटंसं कासव बसलंय असं समजा. त्याच्या पोटाखाली पेन बांधलेलं आहे, त्यामुळे ते जिथून सरकेल तिथे रेघ उमटते. अक्कल म्हणाल तर बेताचीच. ‘पुढे’ म्हटलं की तोंड असेल त्या दिशेने सांगितलेली पावलं चालायचं आणि ‘उजवीकडे’ किंवा ‘डावीकडे’ म्हटलं की जागच्या जागी सांगितलेले अंश वळायचं, एवढंच त्याला येतं. त्याच्याकडून आपल्याला एक समभुज त्रिकोण काढून घ्यायचा आहे.

शाळेतली भूमिती आठवते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. मग काय, सोपंच आहे:

पुढे १००
उजवीकडे ६०
पुढे १००
उजवीकडे ६०
पुढे १००
उजवीकडे ६०

चालवून बघितलं की त्रिकोणाचा पत्ता नसतो. सारख्या लांबीच्या तीन रेघा उमटतात खऱ्या, पण तिसरी रेघ पहिलीच्या सुरुवातीकडे परतायचं नावच घेत नाही. आकृतीचं तोंड उघडंच राहतं.

कासवाने तर सांगितलेलं तंतोतंत केलं. म्हणजे सांगण्यातच काहीतरी चुकलं. काय चुकलं ते कागदावर शोधत बसण्यापेक्षा उठा आणि स्वतः चालून बघा. चार पावलं पुढे जा, थांबा. अजिबात वळला नाहीत तर पुढची चार पावलंही त्याच रेषेत पडतील. थोडंसं वळलात तर वाट थोडीशीच वाकेल आणि कोपरा बोथट होईल. त्रिकोणाचा कोपरा टोकदार असतो, म्हणजे तिथे चांगलंच वळायला हवं, जवळजवळ आल्या वाटेला तोंड करण्याइतकं. पुस्तकातला ६० अंशांचा कोन आकृतीच्या आतला असतो, आंतरकोन. चालणारा वळतो तो बाह्यकोनातून, आणि तो १८० वजा ६०, म्हणजे १२० अंशांचा असतो. कमांडमधल्या साठच्या जागी १२० लिहा, त्रिकोण बंद होईल.

आणि ती चुकलेली आकृती लगेच पुसू नका. त्याच दोन ओळी तिनाऐवजी सहा वेळा चालवा. नीटस षटकोन मिळतो. आपण त्रिकोण चुकीचा काढत नव्हतो, षटकोन अर्ध्यावर सोडत होतो.

प्रोग्रॅमिंगची सुरुवात चित्रांपासून करावी असं मला वाटतं ते याचसाठी. बहुतेक ठिकाणी पहिला धडा असतो स्क्रीनवर एखादं वाक्य छापण्याचा आणि दुसरा दोन संख्यांच्या बेरजेचा. त्यात वाईट काही नाही, पण चुकीचं उत्तर आणि बरोबर उत्तर दोन्ही संख्याच असतात आणि दिसायला सारख्याच. ४१७ बरोबर की ४७१, हे नुसतं बघून कळत नाही. न मिटलेला त्रिकोण मात्र दुरूनही न मिटलेलाच दिसतो, आणि कितपत चुकलंय, कुठल्या बाजूला चुकलंय याचाही अंदाज देतो. चौकोनाला ९० ऐवजी ८९ अंश दिले तर चौथी बाजू पहिलीच्या सुरुवातीपासून जरा हुकते. ते हुकणंच सांगतं की कुठेतरी अंशाचा फरक राहिलाय.

कासवाची ही कल्पना काही आजची नाही. १९६७ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत ‘लोगो’ नावाची भाषा तयार झाली. वॉली फ्यूरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन ही तिच्यामागची मंडळी. भाषा मुलांसाठी, पण गंमत म्हणजे पहिल्या लोगोत कासव नव्हतंच. ती शब्दांशी आणि याद्यांशी खेळायची भाषा होती. नावही ‘शब्द’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं. कासव त्यानंतर काही वर्षांत आलं, आणि तेही आधी स्क्रीनवर नाही तर जमिनीवर: संगणकाला जोडलेलं, चाकांवर फिरणारं, कागदावर रेघ ओढणारं यंत्र. त्याहीआधी, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे ग्रे वॉल्टर यांनी उजेडाला प्रतिसाद देत फिरणारी यंत्रं बनवली होती आणि त्यांना कासवंच म्हटलं होतं. लोगोच्या कासवाने नाव तिथूनच घेतलं.

पॅपर्ट यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम केलं होतं. मुलं ज्ञान आयतं झेलत नाहीत, स्वतः रचतात, हा पियाजेंचा विचार त्यांच्या मनात पक्का होता. कासवाला जागा असते आणि तोंडाची दिशा असते. नेमक्या याच दोन गोष्टी आपल्या शरीरालाही असतात. म्हणून अडलं की उठून चालून बघण्याचा उपाय इथे चालतो. हा पोरखेळ वाटला तरी मोठ्यांनीही टाळू नये. खुर्चीत बसून हाताच्या पंज्याला कासव मानून फिरवलं तरी भागतं.

आज हे कासव पायथन या भाषेत तयारच मिळतं. पायथनबरोबर येणाऱ्या ‘टर्टल’ नावाच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे तयार कमांडच्या संचात. स्क्रॅच या मुलांसाठीच्या, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेतही पेनाच्या ठोकळ्यांनी हेच सगळं करता येतं. इथे कमांड मी मराठीत लिहितोय. पायथनमध्ये त्यांची नावं फॉरवर्ड, बॅकवर्ड, लेफ्ट, राइट अशी आहेत आणि ती रोमन लिपीतच लिहावी लागतात. दोन खाचखळगे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यांत पडलेला माणूस उगाच स्वतःला मंद समजू लागतो. आपल्या फाइलला ‘टर्टल’ हेच नाव देऊ नका. पायथन मग मूळ मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि मला अशी कमांड माहीत नाही म्हणून अडून बसतो. दुसरं, प्रोग्रॅमच्या शेवटी ‘डन’ ही कमांड लिहा, नाहीतर चित्र पूर्ण होताच खिडकी मिटून जाऊ शकते.

आता चौकोन. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ ही जोडी चार वेळा लिहायची. दुसऱ्यांदा लिहितानाच कंटाळा येतो, आणि इथे कंटाळा येणं हे चांगलं लक्षण आहे. तेच ते पुन्हा लिहावं लागलं की समजावं, इथे लूप हवा.

४ वेळा:
    पुढे १००
    उजवीकडे ९०

आत सरकवलेल्या दोन ओळी चारदा चालतात. ते आत सरकवणं पायथनमध्ये केवळ शोभेसाठी नसतं. कुठली ओळ लूपच्या आत आणि कुठली बाहेर, हे त्यावरूनच ठरतं. दुसरी ओळ चुकून बाहेर राहिली तर कासव चारशे पावलं सरळ चालत जाईल आणि मग एकदाच वळेल.

त्रिकोणाला ३ वेळा १२०, चौकोनाला ४ वेळा ९०, षटकोनाला ६ वेळा ६०. तिन्ही गुणाकार ३६० येतात. का, तेही चालूनच कळतं: रेघा एकमेकींना छेदत नाहीत अशा एखाद्या बंद आकृतीला एक फेरी मारून तुम्ही जिथून निघालात तिथे, त्याच दिशेला तोंड करून उभे राहिलात, तर तुमच्या सगळ्या वळणांची बेरीज एक पूर्ण गिरकी झालीच पाहिजे. हे ध्यानात आलं की कुठल्याच आकृतीचा कोन पाठ करायला नको. बाजू किती हव्यात ते ‘बाजू’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डब्यात, ठेवा आणि भागाकार संगणकाकडून करून घ्या:

बहुभुज (बाजू, लांबी):
    बाजू वेळा:
        पुढे लांबी
        उजवीकडे ३६० ÷ बाजू

याला म्हणतात फंक्शन. कासवाला आपण एक नवा शब्द शिकवला. आता ‘बहुभुज (५, ८०)’ म्हटलं की पंचकोन आणि ‘बहुभुज (८, ५०)’ म्हटलं की अष्टकोन. सात बाजूंसाठी ३६० भागिले ७ हे पूर्णांकात बसत नाही, पण ते आपण हाताने करतच नाही आहोत. उत्तर साधारण ५१.४३ येतं, आळस करून ५१ लिहिलंत तर सप्तकोन मिटत नाही.

बाजू ३६० आणि लांबी १ दिली तर? कासव एक पाऊल टाकतं, एक अंश वळतं, असं ३६० वेळा. स्क्रीनवर वर्तुळ दिसतं. शाळेत वर्तुळ म्हणजे केंद्र, त्रिज्या आणि कंपास. इथे कासवाला केंद्र कुठे आहे याची खबरही नाही. ‘थोडं चाल, थोडं वळ’ एवढ्यावर वर्तुळ झालं. त्रिज्या हवी असेल तर उलट काढता येते: परीघ ३६० पावलांचा, म्हणून त्रिज्या सुमारे ५७.३ पावलं. हे खरं वर्तुळ नाही, ३६० बाजूंचा बहुभुज आहे, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण स्क्रीनवरचं कुठलंही वर्तुळ शेवटी चौकोनी ठिपक्यांचंच असतं, त्यामुळे फार वाद घालण्यात अर्थ नाही.

चांदणी हा माझा आवडता भाग, म्हणून इथे जरा रेंगाळतो. हात न उचलता काढायची पाच टोकांची चांदणी बहुतेकांना हाताला सवयीची असते, पण कितीने वळायचं ते सांगता येत नाही. हवेत बोटाने काढून बघा आणि बोटाची दिशा किती फिरते ते मोजा. एक गिरकी पूर्ण होऊनही चांदणी संपत नाही. दोन गिरक्या लागतात. म्हणजे पाच वळणांत ७२० अंश, एका वळणाला १४४.

५ वेळा:
    पुढे २००
    उजवीकडे १४४

मग साहजिकच प्रयोग सुरू होतात. टोकं सात आणि गिरक्या तीन: वळण ३६० × ३ ÷ ७, लांबट टोकांची सुंदर चांदणी. टोकं आठ, गिरक्या तीन: १३५ अंश, हीही जमते. या यशाने चढून सहा टोकं आणि दोन गिरक्या दिल्या की वळण येतं १२० आणि उमटतो त्रिकोण. एकच त्रिकोण, दोनदा गिरवलेला. नऊ टोकं आणि तीन गिरक्या दिल्या तरी तोच प्रकार: १२० अंश आणि त्रिकोण तीनदा. नऊ आणि चार मात्र चालतात.

यात गोम काय असेल? सहा आणि दोन यांना २ ने भाग जातो, नऊ आणि तीन यांना ३ ने. टोकं आणि गिरक्या यांचा मसावि १ असेल, म्हणजे त्या सहमूळ संख्या असतील, तरच कासव सगळ्या टोकांना जाऊन येतं. नाहीतर थोड्याच टोकांत घुटमळत राहतं. मसावि म्हणजे निव्वळ परीक्षेसाठीची कटकट असं ज्यांना वाटलं असेल त्यांनी हा प्रयोग जरूर करावा. आणि सहा टोकांची चांदणी हवीच असेल तर ती या रीतीने एका दमात होणार नाही. दोन त्रिकोण वेगवेगळे काढावे लागतील, आणि मधल्या प्रवासात ‘पेन उचल’, ‘पेन टेक’ या कमांड लागतील. ती कमांड पुस्तकात पुढच्या धड्यात आली म्हणून शिकणं वेगळं आणि चांदणी अडली म्हणून शोधणं वेगळं.

फंक्शनच्या जोरावर नक्षी फार स्वस्तात मिळते. ‘बहुभुज (४, १००)’ काढा, १० अंश वळा, असं ३६ वेळा. चौकोनांचं एक भरगच्च फूल तयार होतं. त्यासाठी कासव १४४ रेघा ओढतं; हाताने एकेक कमांड लिहिली असती तर कागद भरला असता.

व्हेरिएबल बदलत जातो म्हणजे काय, हे समजायला चक्राकार आकृती उत्तम. लांबी दर वेळी थोडी वाढवायची:

लांबी = ५
६० वेळा:
    पुढे लांबी
    उजवीकडे ९०
    लांबी = लांबी + ५

‘लांबी = लांबी + ५’ ही ओळ बघून गणित शिकलेल्या माणसाला धक्का बसतो, आणि बसायलाच हवा. कुठलीही संख्या स्वतःपेक्षा पाचाने मोठी कशी असेल? पण इथलं चिन्ह समानतेचं नाही, ठेवण्याचं आहे: उजवीकडचं गणित आधी करा, आलेलं उत्तर ‘लांबी’ या डब्यात ठेवा, जुनं काढून टाका. कासव चालताना रेघ दर वेळी पाच पावलांनी लांबते, म्हणून डब्यात काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. मग ९० च्या जागी ९१ लिहा. एका अंशाने सगळी आकृती पिळवटत जाते आणि आधीपेक्षा कितीतरी देखणी होते.

आता यात मुद्दाम चूक करा. शेवटची ओळ लूपच्या बाहेर काढा. मोठ्या चक्राऐवजी पाच पावलांचा एक चिमुकला चौकोन उरतो, पंधरा वेळा गिरवलेला. आता ती ओळ जागेवर ठेवा आणि त्याऐवजी ‘लांबी = ५’ ही पहिली ओळ लूपच्या आत न्या. पुन्हा तोच चिमुकला चौकोन! पहिल्या वेळी लांबी वाढतच नव्हती. दुसऱ्या वेळी वाढत होती, पण प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला पुन्हा पाचावर आणली जात होती. म्हणजे चित्र चूक दाखवतं, पण कारण दर वेळी सांगेलच असं नाही. अशा वेळी कासवाचा वेग कमी करून एकेक पाऊल बघावं. पायथनमध्ये १ हा सर्वांत मंद वेग आहे. शून्य मात्र मंद नाही, सर्वांत वेगवान. असं उफराटं का, तर शून्य म्हणजे ‘चालणं दाखवूच नको, थेट रेघ ओढ’.

चित्र काढण्याची दुसरी एक रीत आहे: निर्देशकांची. २००१ साली केसी रीस आणि बेन फ्राय यांनी सुरू केलेली, चित्रं काढण्यासाठीची ‘प्रोसेसिंग’ ही भाषा आणि तिच्या वाटेने वेब ब्राउझरात आलेली ‘पी-फाइव्ह’ या रीतीने चालतात. इथे कोणी चालत नाही; ‘या बिंदूवर, एवढ्या रुंदीचं वर्तुळ’ असं सांगायचं. फक्त आरंभबिंदू कोपऱ्यात वर डावीकडे असतो आणि वाय-अक्ष खालच्या दिशेने वाढतो. आलेखाच्या वहीच्या अगदी उलट. जुन्या पडद्यांवर चित्र वरून खाली, डावीकडून उजवीकडे ओळीओळीने उमटायचं, त्याचा हा वारसा. नवख्याचं घर पहिल्या वेळी छप्पर खाली, भिंती वर असं येतं ते त्यामुळेच. माझं मत विचाराल तर आधी कासव, मग निर्देशक. निर्देशकांत आकृती वरून, बाहेरून बघावी लागते. कासवात आपण तिच्या आत असतो.

तरी निर्देशकांनी एक धडा फार चांगला मिळतो. घराच्या प्रत्येक रेघेत सरळ आकडे लिहिले असतील आणि घर ५० ठिपके उजवीकडे न्यायचं असेल, तर प्रत्येक आकडा शोधून बदलावा लागतो आणि एखादी खिडकी हमखास जुन्या जागी राहून जाते. त्याऐवजी घराचा एक कोपरा व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि बाकी सगळं त्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे असं लिहिलं, की दोन आकडे बदलून घर हलतं आणि लूपमध्ये घातलं तर घरांची रांग उभी राहते.

शेवटी झाड, कारण ‘रिकर्शन’ (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) या शब्दाची भीती झाडाने जाते. झाड म्हणजे एक खोड, आणि त्याच्या टोकाला दोन लहान झाडं. ती लहान झाडं म्हणजे पुन्हा एक खोड आणि दोन आणखी लहान झाडं. व्याख्येतच झाड आलं, तरी व्याख्या गोल फिरत नाही, कारण दर वेळी झाड लहान होतं आणि फारच लहान झालं की आपण थांबतो. कासवाचं तोंड आधी वरच्या दिशेला करून घ्या:

झाड (लांबी):
    लांबी १० पेक्षा कमी असेल तर इथेच थांब
    पुढे लांबी
    डावीकडे ३०
    झाड (लांबी × ०.७)
    उजवीकडे ६०
    झाड (लांबी × ०.७)
    डावीकडे ३०
    मागे लांबी

‘झाड (१००)’ म्हटलं की लांबी १००, ७०, ४९ अशी घटत जाते, सात पातळ्यांचं झाड होतं आणि त्यात १२७ फांद्या मोजता येतात. नऊ ओळींत. नवख्याची नजर मधल्या दोन ‘झाड’ ओळींवर खिळते, पण खरी मेख शेवटच्या दोन ओळींत आहे. प्रत्येक झाडाने कासवाला जिथून घेतलं तिथेच, त्याच दिशेला तोंड करून परत द्यायचं, हा त्यातला करार. तो पाळला जातो म्हणूनच डावी फांदी कितीही गुंतागुंतीची असली तरी उजवी फांदी खोडाच्या टोकापासूनच फुटते. ‘मागे लांबी’ काढून टाका: उजवी फांदी खोडाला न फुटता डाव्या फांदीचा पसारा जिथे संपला तिथून फुटते, आणि झाडाऐवजी भरकटलेली वेल दिसते.

आता ती ओळ परत ठेवा आणि थांबण्याची पहिली ओळ काढा. कासव कधीच उजवीकडे वळत नाही, कारण डावं झाड पूर्ण झाल्याशिवाय उजव्याची पाळी येत नाही आणि डावं झाड आता कधी पूर्ण होणारच नाही. दर वेळी ३० अंश डावीकडे, दर वेळी पाऊल आधीच्यापेक्षा तोकडं. स्क्रीनवर गोगलगाईच्या शंखासारखं एक वळण आत आत मिटत जातं, मग रेघ दिसेनाशी होते आणि कासव एका ठिपक्यावर नुसतं गरगरत राहतं. पायथन अशा हजारेक खेपा सहन करतो आणि मग लाल अक्षरांत कळवतो की रिकर्शनची मर्यादा ओलांडली.